फळीवरचा ठोका

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन २०२४ साली जूनमध्येच आला. ऑगस्टचा दुसरा शनिवार मोकळा ठेवा, अलप्पुळ्याला जा, नेहरू ट्रॉफीची नौकाशर्यत बघा आणि सविस्तर लिहा. नेत्रावती एक्स्प्रेसचं तिकीट मिळालं. डोंबिवलीत वाढलेली आणि आजोळ तिथल्याच कुट्टनाडात असलेली एक मैत्रीण दुभाषी म्हणून यायला तयार झाली. १० ऑगस्टची वाट बघत होतो. ३० जुलैच्या पहाटे वायनाडमध्ये डोंगर खाली आला, झोपेतली शेकडो माणसं त्याखाली गेली आणि केरळ सरकारनं शर्यत पुढे ढकलली.

मी तिकीट रद्द करायला निघालो होतो. मैत्रीण म्हणाली, ‘‘उलट आत्ताच चल. शर्यतीच्या दिवशी नुसती गर्दी दिसते. नाव बघायची तर ती घरी असताना बघायची.’’

म्हणून मी नाव घरी असताना पाहिली. पंपा नदीच्या फाट्यावरच्या एका गावात, नारळांच्या मधे, लांबच लांब शेड होती. सरावासाठी पाण्यात उतरवलेली नाव पुन्हा वर काढून ओंडक्यांवर ठेवली होती. आत शिरल्यावर पहिल्यांदा वास आला तो माशांच्या तेलाचा. पाणी लाकडात मुरू नये आणि बूड गुळगुळीत राहावं म्हणून ते तेल चोळतात. मग डोळे सरावले आणि ते काळंभोर लाकूड दिसायला लागलं. एका टोकाशी उभा राहिलो, तर दुसरं टोक अंधारात हरवलेलं. शंभर ते सव्वाशे फूट लांब, आणि रुंदी इतकी कमी की दोन माणसं शेजारी बसली की तिसऱ्याला जागा नाही. पुढचं टोक चोचीसारखं पाण्यालगत झेपावतं. मागचं टोक वर, वर चढत जातं, जवळजवळ वीस फुटांपर्यंत, त्यावर पितळेच्या फुल्या आणि पट्ट्या. बाहेरचे लोक तिला सर्पनौका म्हणतात, मागच्या फण्यामुळे. गावातलं नाव चुंडन. चुंड म्हणजे ओठ किंवा चोच. बाहेरच्यांचं लक्ष फण्याकडे जातं, गावाचं चोचीकडे, कारण शर्यत चोचीनं जिंकायची असते.

लाकूड आंजिलीचं, फणसाच्याच कुळातलं, आपल्याकडे रानफणस म्हणतात ते. पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारं, तरी लवणारं. लवणं महत्त्वाचं. एवढी लांब आणि अरुंद वस्तू ताठ असती तर मोडली असती. वल्ही पडली की चुंडन अंगभर किंचित वाकते आणि सरळ होते.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो माहितीपत्रकांत भरपूर आहे. चेंबकश्शेरीच्या राजाचं कायंकुळमच्या राजाशी वैर होतं. कालव्यांच्या आणि खाड्यांच्या या मुलखात लढाई नावांवरूनच व्हायची. तेव्हा राजानं सुतारांकडून ही वेगवान युद्धनौका घडवून घेतली, असं सांगतात. हंगामाची पहिली शर्यत चंपक्कुळमची, मिथुन महिन्यात मूळ नक्षत्राच्या दिवशी. अंबलप्पुळ्याच्या मंदिरासाठी कृष्णाची मूर्ती नावेतून आणत असताना ती वाटेत चंपक्कुळमला एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी मुक्कामाला राहिली, त्याची ही आठवण. आणि १९५२ मध्ये पंतप्रधान नेहरू या भागात आले. त्यांच्या स्वागतासाठी चुंडनांची शर्यत लावली, नडुभागमची नाव पहिली आली, आणि सुरक्षेचा विचार बाजूला ठेवून पंतप्रधान त्या नावेत चढले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी चुंडनची चांदीची प्रतिकृती पाठवली. पुन्नमडा सरोवरात दर वर्षी जी ट्रॉफी जिंकतात, ती हीच.

मला मात्र शेडमध्ये दुसऱ्याच गोष्टीनं धरून ठेवलं. नावेच्या मधोमध एक आडवी जाड फळी होती. तिचा मधला भाग दबलेला, खड्डा पडल्यासारखा, उखळाच्या तोंडासारखा गुळगुळीत. एवढ्या देखण्या नावेत एवढी एकच ठोकरलेली जागा. मी हात फिरवून विचारलं, हे कशानं झालं?

‘‘माझ्यासारख्यांनी केलं,’’ मागून उत्तर आलं.

ते मैत्रिणीच्या आईचे चुलतभाऊ. ती त्यांना अम्मावन म्हणते, म्हणजे मामा. मीही मामाच म्हणू लागलो. साठी उलटलेले, बुटके, खांदे अजून रुंद. वीसेक हंगाम त्यांनी या नावेत उभं राहून काढले. उभं राहून, कारण ते वल्हवत नसत. चुंडनमध्ये नव्वदच्या आसपास वल्हेकरी असतात, पिछाडीला उंचावर मोठी वल्ही धरलेले चार-पाच सुकाणूवाले असतात, आणि मधे उभे असतात ते निलक्कार, शब्दशः ‘उभे राहणारे’. त्यांच्या हातात जाड लांब दांडे. प्रत्येक वल्ह्याच्या फेकीला ते दांडा या फळीवर आपटतात. बस, एवढंच काम.

एवढंच काम! मी दोन दिवस त्यांच्या ओसरीवर बसलो ते या एवढ्याशा कामासाठी.

कुणीतरी ओरडून ताल देऊ शकणार नाही का, असं मी विचारलं. मामा हसले नाहीत. त्यांनी मला ओसरीच्या लाकडी बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकावर छत्रीची मूठ आपटली. ठोका कानावर आला त्याच्या आधी मांड्यांना कळला, निदान मला तसं वाटलं. ‘‘कानानं ऐकणारा उशिरा वल्हं टाकतो,’’ ते म्हणाले. ‘‘ठोका बुडाखाली ऐकायचा.’’

घरी येऊन मी हिशोब मांडला. नाळेवरून कुणी ओरडलं तर आवाज हवेतून पिछाडीला पोचायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. मधून ओरडलं तर त्याच्या निम्मा. थोडा वाटतो, पण पुढच्या आणि मागच्या वल्ह्यांमध्ये तेवढं अंतर पडलं की नाव अंगात अंग न लागलेल्या बैलजोडीसारखी ओढली जाते. त्यात काठावर लाखभर माणसांचा गलका. लाकडातून मात्र आवाज हवेच्या दसपट वेगानं धावतो. नावेच्या कण्यालाच ठोका दिला तर तो पहिल्या आणि शेवटच्या माणसाला जणू एकाच क्षणी मिळतो. शास्त्राचं पुस्तक न उघडता कुणी सुतारानं ही फळी नेमक्या मध्यावर बसवली, याचं मला अजून नवल वाटतं.

ठोका किती जलद द्यायचा हे निलक्कार ठरवत नाहीत, हीदेखील मला नवी गोष्ट. लय पुढची जोडी धरते, पहिल्या वल्ह्याची. ती दमदार, अनुभवी माणसं. मामांची नजर पूर्ण वेळ त्यांच्या खांद्यांवर. खांदा उचलला की दांडा उचलायचा, वल्हं पाण्याला लागेल त्याच क्षणी फळी वाजायला हवी. पुढच्या जोडीला धाप लागली तर ती लपवायची, म्हणजे ठोका तेवढाच घट्ट ठेवायचा, तोवर ते सावरतात. ‘‘मधल्यांना कळू द्यायचं नाही,’’ मामा म्हणाले, आणि ओसरीवर पहिल्यांदा ते थोडे फुशारले.

पुण्यातला वाचक गणपतीआधीच्या संध्याकाळी नदीकाठी ढोलपथकांचा सराव ऐकत असेल. पथकात एखाद्याचं टिपरू चुकलं तर ते गजरात बुडून जातं. इथे चुकलेलं वल्हं मागच्याच्या वल्ह्यावर आपटतं, त्याचं त्याच्या मागच्यावर. सांगलीकरांना कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती ठाऊक आहेतच. नदी भरलेली असताना गावानं गावाशी भिडायची खुमखुमी तीच. पण नव्वद माणसं एका अंगात बसवणं हे काम इथलं.

त्यानंतरच्या दिवशी आम्ही आरन्मुळ्याला गेलो. तिथल्या नावांना पळ्ळियोडम म्हणतात, देवाच्या नावा. पंपेकाठच्या बावन्न करांच्या, म्हणजे गावांच्या. ओणमनंतर उत्तृट्टाती नक्षत्राला त्यांचा मेळा भरतो. तिथे वेगापेक्षा डौल मोठा. पावसाळाभर पार्थसारथीच्या मंदिरात त्यांना वळ्ळसद्याचं जेवण असतं, चौसष्ट पदार्थांचं, आणि हवा तो पदार्थ नाविक गाण्यातूनच मागतात. आम्ही घाटावर असताना एक नाव आली. आधी गाणं आलं, मग छत्र्या दिसल्या, मग नाव. या वंचिपाट्टूंच्या, म्हणजे नावेच्या गाण्यांच्या, परंपरेत सगळ्यात मानाचं काव्य अठराव्या शतकातलं, रामपुरत्तु वारियरांचं, आणि त्याचा विषय आहे कुचेल, म्हणजे आपला सुदामा. फाटक्या उपरण्यातले पोहे घेऊन निघालेल्या गरीब मित्राची गोष्ट पानात चौसष्ट पदार्थ पडायच्या आधी गावी, हे मला फार आवडलं. वल्ही गाण्याबरोबर सावकाश पडत होती. मामा मात्र अस्वस्थ झाले. ‘‘सुंदर आहे,’’ म्हणाले, ‘‘पण माझे हात शिवशिवतात.’’

परतताना बोटीत ते काळजीचं बोलले.

कुट्टनाडातली शेती समुद्रसपाटीच्या खाली चालते. पावसाळ्यात शेतं पाण्याखाली, मुख्य पीक पुंजा त्यानंतर. म्हणून पावसातच शर्यती. नद्या भरलेल्या आणि माणसं मोकळी. हे वेळापत्रक पावसानं आखलेलं होतं आणि आता पाऊसच ते पुसतो. २०१८च्या महापुरात शर्यत नोव्हेंबरवर गेली. २०१९ मध्ये पुन्हा पूर, शर्यत ऑगस्टअखेरीस. २०२० आणि २०२१ कोरोनानं खाल्ली. २०२४ मध्ये वायनाड. मेलेल्यांच्या शोकात नावा थांबल्या याबद्दल मामांच्या मनात तक्रार नव्हती. पण गावानं सरावाचं शिबिर लावलं होतं. नव्वद माणसांचा दोन वेळचा भात, मासे, अंडी आठवडेच्या आठवडे शिजली होती. तो खर्च पाण्यात गेला आणि पुढच्या तारखेला पुन्हा तेवढाच करायचा.

आणि नव्वद माणसं आणायची कुठून? गावची पोरं आखातात, बंगळुरूत. वारंवार पाणी शिरणाऱ्या घरांना कुलपं लागली आहेत. आम्ही बोटीतून जाताना अशी किती घरं दिसली, चौकटीपर्यंत शेवाळ चढलेली. चुंडनचं नाव म्हणजे गावाचं नाव, कारिच्चाल, वीयपुरम, नडुभागम. पण आज नाव एका गावाची आणि वल्हवणारा क्लब दुसऱ्याच गावचा, हे सर्रास चालतं. क्लबांत मणिपूरपासून काश्मीरपर्यंतचे तरबेज वल्हेकरी येतात, सैन्यदलात तयार झालेले. बाहेरचे किती असावेत याला मर्यादा घालावी लागली. २०१९ मध्ये चॅम्पियन्स बोट लीग सुरू झाली, क्रिकेटसारखी, संघांना इंग्रजी नावं, पैशांची बक्षिसं. तिनं वल्हेकऱ्याला चार पैसे मिळाले हे मामा मोकळेपणानं सांगतात, त्यांच्या काळात जेवण आणि मान एवढंच होतं. वेगही वाढला. ‘‘ही मुलं आमच्यापेक्षा चांगली वल्हवतात,’’ ते म्हणाले. ‘‘पण शर्यत संपली की ती गाडीनं जातात. नाव परत आणायला माणसं मिळत नाहीत.’’

मला हे वाक्य टोचतं. शर्यतीआधीचे चाळीस दिवस आणि नंतरची परतीची वाट, यातच गाव गाव म्हणून एकत्र येत होतं. मोठी आंजिली आता सहज मिळत नाही, चुंडन घडवणारे सुतार मोजके उरले, पुन्नमड्यात हाऊसबोटींची दाटी आणि कालव्यांत जलपर्णी, या अडचणी खऱ्याच. त्यांच्यावर पैसा आणि कायदा थोडाफार चालेल. परतीच्या वाटेवरच्या माणसांचं काय करायचं, ते मला सुचत नाही.

शेवटी शर्यत २८ सप्टेंबरला झाली. आम्ही डोंबिवलीत मोबाइलवर पाहिली. पल्लात्तुरुत्ती बोट क्लबनं वल्हवलेली कारिच्चाल आणि शेजारी वीयपुरम, चोचीला चोच. कारिच्चाल ४ मिनिटं २९.७८५ सेकंद, वीयपुरम ४ मिनिटं २९.७९० सेकंद. पाच सहस्रांश सेकंद. सुमारे ११५० मीटरांच्या वाटेनंतर नावांच्या चोचींत अंतर पडलं ते जेमतेम दोन सेंटिमीटरचं. निकालावरून वाद झाला, तो होणारच होता.

मैत्रिणीनं मामांना फोन लावला. कोण जिंकलं यावर ते बोललेच नाहीत. टीव्हीवर समालोचकाचा आरडाओरडा फार, ठोका ऐकूच येत नाही, म्हणून त्यांनी आवाज बंद केला होता. पडद्यावर वल्ही बघत छत्रीच्या मुठीनं बाकावर ठोका धरून बसले होते, पहिल्या वल्ह्यापासून.

‘‘जमला का?’’ मी विचारलं.

‘‘अर्ध्या वाटेपर्यंत,’’ ते म्हणाले. ‘‘पुढे ती मुलं निघून गेली. माझा हात पुरा पडला नाही.’’