मातीचे धरण पाझरते, मग धोका कधी?

सोलापूरजवळच्या एकरुख (हिप्परगा) तलावाचे मातीचे धरण १८७१ मध्ये पूर्ण झाले. ते आजही उभे आहे. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण त्याहून कितीतरी नवे, पण २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि वीसहून अधिक जीव गेले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

पाझर म्हणजे धोका का?
नाही. प्रत्येक मातीचे धरण थोडे पाझरते. मधला चिकणमातीचा गाभा पाणी अडवतो. झिरपलेले पाणी वाळू-खडीच्या थरातून गाळून बाहेर पडते. ते स्वच्छ असते.

मग धोका कधी?
पाणी गढूळ येऊ लागले की समजावे, भरावातली माती वाहून जात आहे. आतली पोकळी वाढत जाते. झाडांची मुळे आणि बिळे पाण्याला वाट देतात. सांडवा तुंबला, तर माथ्यावरून वाहणारे पाणी भराव कापते.

शेतकऱ्यांनी काय पाहावे?
पायथ्याशी नवी ओल, माथ्यावर भेगा, खचलेला भाग. दिसताच फोटो काढून शाखा अभियंत्याला लेखी कळवावे. गढूळ पाणी वाढत असेल, तर खालच्या वाड्यांना लगेच सावध करावे.