जुन्या गाडीला साधं ऑइल की सिंथेटिक?

कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात एकाच घरी दोन-तीन तऱ्हेची इंजिनं सापडतात. दहा-पंधरा वर्षं वापरलेली स्प्लेंडर, शेतातला ट्रॅक्टर आणि एखाद्या घरी जुनी बोलेरो किंवा मारुती ८००. ऑइल बदलायची वेळ आली की दुकानदार विचारतो, साधं देऊ की सिंथेटिक? सिंथेटिकचा डबा दुप्पट-अडीचपट महाग, म्हणून तो चांगलाच असणार असं एकाला वाटतं. दुसरा सांगतो, जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की इंजिन गळायला लागतं. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण साधं की सिंथेटिक हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी डब्यावरचे आकडे वाचावे लागतात आणि इंजिनाची तब्येत पाहावी लागते.

आधी आकडे. २०डब्ल्यू-४० मधला दुसरा आकडा, म्हणजे ४०, इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहतं ते सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावा लागतो, ३० ग्रेडचा ९.३ ते १२.५ च्या. पहिला आकडा थंडीतला. डब्ल्यू म्हणजे विंटर. २०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना घेतात, १०डब्ल्यूची उणे २५ ला. आपल्याकडे पौष-माघातल्या कडाक्याच्या पहाटेही पारा शून्याच्या बराच वर असतो, तेव्हा ऑइल गोठण्याची भीती वाशीम जिल्ह्यात कुणी बाळगू नये. तरीही पहिला आकडा अगदीच निरुपयोगी नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सकाळी किक मारल्यावर ते पुन्हा वर हेडपर्यंत चढायला लागणाऱ्या क्षणांत कॅम आणि रॉकर जवळजवळ कोरडे घासतात. पहिला आकडा जितका लहान, तितकं तेल लवकर वर पोहोचतं. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर ‘आपल्याकडे ऊन जास्त’ म्हणून सरसकट २०डब्ल्यू-५० ओतू नये. पातळ तेल धरूनच त्या इंजिनाच्या फटी आखलेल्या असतात.

आता ‘साधं’ आणि ‘सिंथेटिक’ यांतला फरक. कोणत्याही इंजिन ऑइलचा मोठा भाग म्हणजे बेस ऑइल. त्यात घर्षण, गंज, काजळी आणि आम्ल यांना आवर घालणारी रसायनं मिसळलेली असतात. साधं बेस ऑइल कच्च्या तेलापासून गाळून, मेण काढून तयार होतं. साध्या तेलात लहान-मोठे, नाना आकारांचे रेणू एकत्र असतात, शेतातून थेट पोत्यात भरलेल्या सोयाबीनसारखे. सिंथेटिक म्हणजे ग्रेडिंग करून निवडलेलं बियाणं. रेणू जवळजवळ एकसारखे असल्यामुळे ते उष्णतेत लवकर तुटत नाहीत, उडूनही कमी जातात आणि थंड-गरम होताना दाटपणात कमी फरक पडतो.

सिंथेटिक म्हणून विकलं जाणारं सगळं मात्र एका जातीचं नसतं. पीएओ नावाचं तेल प्रयोगशाळेच्या पद्धतीने लहान रेणू जोडून बनवतात. त्याखेरीज खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून काढलेलं ‘ग्रुप तीन’चं तेल असतं. या दुसऱ्या तेलाला सिंथेटिक म्हणावं का, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला. १९९९ साली तिथल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलचा दावा मान्य केला. तेव्हापासून ग्रुप तीनचं तेलही राजरोस सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते वाईट नाही, बरंच चांगलं आहे. पण डब्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरं जास्त कामाची, हे यावरून ध्यानात यावं.

मोटारसायकलच्या डब्यावर त्या बारीक अक्षरांत ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हे शब्द शोधा. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल असतं आणि क्लचच्या प्लेट त्या तेलात बुडालेल्या असतात. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण फार कमी करणारी रसायनं असतात. कारला ती चालतात, पण मोटारसायकलचा क्लच त्यांनी घसरू लागतो. एमए ही खूण म्हणजे क्लच धरून राहील याची चाचणी झालेली आहे. ‘एमबी’ची खूण बिनगिअरच्या स्कूटरसाठी असते. कारचं महागडं सिंथेटिक उरलं म्हणून स्प्लेंडरमध्ये टाकणं किंवा ट्रॅक्टरच्या बादलीतलं ऑइल मोटारसायकलला वापरणं म्हणूनच टाळावं. ट्रॅक्टर आणि डिझेल गाड्यांना सी ने सुरू होणारी खूण लागते, सीएफ-४, सीएच-४ किंवा सीआय-४ अशी. डिझेलची काजळी तेलात तरंगत ठेवायची ताकद त्या तेलांत असते. ट्रॅक्टरचं नवं ऑइल चार दिवसांत काळं पडलं तर घाबरू नका. काजळी पकडायचं काम ते करतं आहे.

स्प्लेंडरबद्दल एक गोष्ट बऱ्याच मालकांना ठाऊक नसते. या इंजिनाला कारसारखा बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नाही. एक जाळी आहे आणि फिरत्या इंजिनाच्या जोरावर घाण कडेला फेकून साठवणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर आहे. तो साफ करायला बाजूचं कव्हर काढावं लागतं, म्हणून गावाकडच्या सर्व्हिसिंगमध्ये तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यात गाळ भरलेला असेल तर वरून कोणतंही भारी ऑइल ओतून उपयोग नाही. सिंथेटिकवर जास्तीचे पैसे घालण्याआधी मेकॅनिककडून तो उघडून घ्या.

दुसरा प्रश्न इंजिनाच्या तब्येतीचा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून चार-पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पाहा. आज पातळी कुठे आहे ते लिहून ठेवा आणि पुढच्या हजार किलोमीटरमध्ये किती ऑइल घालावं लागलं याची नोंद करा. स्प्लेंडरच्या इंजिनात लिटरभराच्या आतच ऑइल मावतं. त्यातलं २०० मिलिलिटर गेलं तरी जवळजवळ पाव हिस्सा गेला आणि उरलेल्यावर तितकाच जास्त ताण आला. सकाळी सुरू करताना किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर निळसर धूर निघत असेल, तर गाडी ऑइल खाते आहे. व्हॉल्व्हचे सील गेले असतील किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. कारच्या डिपस्टिकवर दुधाळ, साय धरल्यासारखं तेल दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. तेव्हा ऑइलची चर्चा सोडून आधी हेड गॅस्केट तपासायचं.

ऑइल खाणाऱ्या इंजिनात सिंथेटिक घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महाग तेल धुरातून जातं आणि झिजलेली रिंग काही भरून येत नाही. अशा इंजिनाला साधंच तेल द्या. हवं तर गरम-ग्रेड एक पायरी वर न्या, ३० च्या जागी ४०. फटी वाढल्या की तेलाचा दाब कमी होतो, तो दाट तेलाने काहीसा सावरतो. पण ही तात्पुरती सोय झाली. पुढे बोअर मारून इंजिन बांधून घ्यावंच लागतं.

गळतीच्या समजुतीकडे आता वळू. तिच्यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९७० च्या दशकात आलेल्या सुरुवातीच्या सिंथेटिक तेलांनी रबरी सील थोडे आकसत, आणि गळती होई. पुढे त्यात सील योग्य फुगवून ठेवणारे घटक मिसळले गेले आणि तो दोष गेला. आज जे दिसतं त्याचं कारण वेगळं आहे. वर्षानुवर्षं ऑइल उशिरा बदललेल्या इंजिनात चिकट गाळ साठतो, रबर कडक होतं, आणि कडक सीलच्या भेगा तोच गाळ बुजवून ठेवतो. चांगल्या तेलातली स्वच्छता करणारी रसायनं तो गाळ धुऊन काढतात आणि झाकलेली भेग उघडी पडते. आळ सिंथेटिकवर येतो, पण सील आधीच गेलेला असतो. खरा धोका दुसराच आहे. सुटलेला गाळ एकदम पंपाच्या चाळणीत येऊन बसला तर तेलाचा रस्ता अडतो. म्हणून इतिहास ठाऊक नसलेल्या सेकंड हँड गाडीत पहिल्याच वेळी सिंथेटिक टाकू नये. दोन-तीन वेळा साधं तेल अर्ध्या मुदतीत बदलावं, दर वेळी फिल्टर बदलावा, जाळी धुवावी. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन चालू करून ‘धुणं’ तर नकोच. त्या काही मिनिटांत बेअरिंगवर वंगण राहत नाही.

तिसरा प्रश्न वापराचा, आणि सिंथेटिकचे पैसे वसूल होतात की नाही ते इथे ठरतं. धनजहून शेतात, शेतातून फाट्यावर, असे दोन-चार किलोमीटरचे फेरे मारणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि ज्वलनातून तयार होणारी वाफ तेलात मुरते. साधं असो वा सिंथेटिक, ते खराब होणारच. अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर न जाता महिन्यांवर बदलावं. सिंथेटिक अडीचपट महाग असेल तर ते अडीचपट चाललं पाहिजे, आणि अशा वापरात ते तसं चालत नाही.

धुळीचंही तसंच. सोयाबीनच्या मळणीत कुटार आणि माती हवेत असते. ती एअर क्लीनर ओलांडून आत गेली तर तेलात मिसळून सिलिंडर खरवडते. जुन्या ट्रॅक्टरवरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल मळणीच्या दिवसांत रोज पाहा, खाली गाळ बसला की बदला आणि खुणेपर्यंतच भरा. ट्रॅक्टरचं आयुष्य वाढवायला सिंथेटिकपेक्षा ही वाटी जास्त उपयोगी पडते.

मग सिंथेटिक घ्यावं कुणी? इंजिन धडधाकट आहे, ऑइल खात नाही, आणि उष्णतेत लांब पळतं, त्यांनी. समृद्धी महामार्ग कारंजा तालुक्यातून गेला. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला. पूर्वी पन्नास-साठच्या वेगाने, थांबत-थांबत जाणाऱ्या जुन्या गाड्या आता मे महिन्याच्या उन्हात तासन्‌तास शंभरच्या आसपास धावतात. त्यात टर्बोवाली बोलेरो किंवा स्कॉर्पिओ असेल तर टर्बोचा दांडा त्याच ऑइलवर फिरतो आणि लांब पळून इंजिन एकदम बंद केलं की तिथलं तेल जागच्या जागी जळून कोळसा धरतं. सिंथेटिक ही उष्णता जास्त सोसतं, तेव्हा इथे त्याचे पैसे वाया जात नाहीत. थांबल्यावर मिनिटभर इंजिन सावकाश चालू ठेवून मग बंद करणं तरीही हवंच. रोज कारंजा किंवा अमरावतीला अप-डाउन करणाऱ्या चांगल्या मोटारसायकलला पुस्तिकेतल्याच ग्रेडचं सेमी-सिंथेटिक, म्हणजे साधं आणि सिंथेटिक यांचं मिश्रण, बसतं. गिअरचे दाते तेलातले दाटपणा टिकवणारे पॉलिमर कापत राहतात, आणि चांगल्या बेस ऑइलला अशा पॉलिमरची गरज कमी लागते.

बाकीच्यांसाठी माझा कौल साध्या तेलाला आहे. ग्रेड आणि खूण पुस्तिकेप्रमाणे, सीलबंद डबा ओळखीच्या दुकानातून आणि बदल वेळेवर. वाटेत ऑइल कमी पडलं आणि हाताशी दुसऱ्या जातीचं असलं तर योग्य ग्रेडचं बिनदिक्कत घाला. साधं आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळतात, कमी तेलावर गाडी चालवणं मात्र इंजिनाला महागात पडतं.

आणि निघालेलं काळं तेल नाल्यात, विहिरीच्या काठाला किंवा बांधावर ओतू नका. त्यात जड धातू उतरलेले असतात आणि कायद्याने तो घातक कचरा आहे. रिकाम्या डब्यात भरून ते गॅरेजवाल्याला परत द्या, त्याच्याकडून ते पुन्हा शुद्ध करणाऱ्या कारखान्याकडे जाऊ शकतं.