जुन्या वास्तूला नवे काम

गावची जुनी चावडी किंवा शाळा गळू लागली, की ग्रामसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "पाडा ती, अन् स्लॅब टाका." बोलणाऱ्याचे अगदीच चुकते असे नाही. गळक्या छपराखाली मुलांना कोण बसवील? पण पाडलेली वास्तू काही परत येत नाही. तेव्हा तिच्याकडून आणखी काही काम होईल का, एवढे तरी आधी पाहावे.

आपल्या वर्धा जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. जमनालालजी बजाजांनी आपला बाग-बंगला ग्रामोद्योग संघाला दिला, त्याची मगनवाडी झाली. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेथे तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांचे प्रयोग चालले. पवनारला धाम नदीकाठच्या त्यांच्याच बंगल्यात १९३८ मध्ये विनोबा राहायला गेले, आणि १९५९ मध्ये तेथेच ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. सेवाग्रामचे बिर्लांचे अतिथिगृह घ्या. कस्तुरबा १९४४ मध्ये गेल्या, त्यानंतर त्या घरात दवाखाना निघाला; कस्तुरबा रुग्णालयाचे मूळ ते. खुद्द बापूकुटी मुळात मीराबेनची. तिच्या भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा ही त्यांच्या हातची. घर तेच राहिले, काम बदलले.

आता तुमच्या गावाचे. मालकी ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची की देवस्थानाची, हे कागदावर पाहून घ्या. वास्तू पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली असेल, तर परवानगीवाचून वीटही हलवू नका. मग वाचनालय, बालवाडी की बचतगटाची खोली, हे ठरवायला बसा. पण बसणार कोण? पाटलाच्या ओसरीवर चार मंडळींनी ठरवले तर ती इमारत त्या चौघांचीच राहते. पूर्वी ज्यांना चावडीच्या पायरीखालीच उभे राहावे लागे, त्यांच्या वस्तीत आधी जा, बायांना विचारा. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये हरिजनांना खुले झाले, तेव्हा त्याची एक वीटही बदलली नव्हती. तरी ती वास्तू नवी झाली, असे मी समजतो.

दुरुस्तीत मात्र घाई नडते. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते; भिंतीला तडा बहुधा तेथून जातो. म्हणून आधी पाया पाहा, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर काढा. तडा कसा वाढतो, ते एक पावसाळा खूण करून बघा. आणि जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडते, आणि दोन-चार वर्षांत आतली वीट भुसभुशीत होऊन गिलाव्यासकट खाली येते. पैसा जातो तो जातोच, वर "जुनी इमारत टिकतच नाही" असा बोभाटा होतो! चुना मळणारा म्हातारा गवंडी पंचक्रोशीत असेल तर त्याला बोलवा, आणि हाताखाली दोन पोरे द्या.

कवेलूंची फेरणी दरवर्षी मृगाआधी व्हायला हवी. तिचा खर्च पंचायतीच्या अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरा, आणि किल्ली कोणाकडे राहील हे त्याच सभेत लिहून ठेवा.