एकच फिल्म, दोन ग्रेन
ट्राय-एक्स फिल्मचे दोन रोल, एकाच उन्हात काढलेले. एक डी-७६ डेव्हलपरमध्ये धुतला, दुसरा रोडिनाल डेव्हलपरमध्ये. पहिल्याचा ग्रेन, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, मऊ, दुसऱ्याचा लाडूच्या रव्यासारखा टचटचीत!

करामत सोडियम सल्फाइटची. डी-७६ च्या लिटरभर द्रावणात ते तब्बल १०० ग्रॅम असतं आणि सिल्व्हर हॅलाइडच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतं. ग्रेन बारीक दिसतो, थोडी धारही जाते. तेच डी-७६ पाण्यात १:१ पातळ केलं की धार परत येते. १८९१ पासूनचं रोडिनाल १:५० वापरलं तर हे विरघळणं जवळजवळ नसतंच. मला तेच आवडतं. पोर्ट्रेटवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

आणि हो, २० अंशांच्या डेव्हलपरनंतर मे महिन्यातलं नळाचं कोमट पाणी थेट ओतू नका. जिलेटिन सुरकुतलं तर ग्रेन आणखी भरड दिसतो.