विमानाला आधार कशाचा?

विमान आकाशात कशाच्या बळावर राहते असे विचारले असता बहुतेक सुशिक्षित माणसेही इंजिनाकडे बोट दाखवितात, आणि हे इंजिन बंद पडले की त्या क्षणी विमान सरळ खाली कोसळणार, अशी त्यांची खात्री असते. ही समजूत स्वाभाविक आहे. कारण इंजिनाचा गडगडाट कानांवर आदळतो आणि हवा डोळ्यांना दिसत नाही, आणि जो गर्जना करतो त्यालाच कर्ता मानावे व जो मुकाट्याने भार वाहतो त्याची नोंदही घेऊ नये, ही मनुष्यस्वभावाची फार जुनी खोड आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. जमिनीपासून अकरा किलोमीटर उंचीवर स्थिर गतीने मार्ग आक्रमणाऱ्या आधुनिक प्रवासी विमानाच्या इंजिनांचा एकंदर रेटा त्या विमानाच्या वजनाच्या सुमारे सतराव्या हिश्श्याइतकाच असतो, आणि तोही वर उचलण्यासाठी नव्हे, तर पुढे ढकलण्यासाठी खर्ची पडतो. विमानाचे वजन पेलतात ते पंख. आणि पंखांना पेलते ती हवा.

या विधानाचा दाखला अटलांटिक महासागरावर एका रात्री मिळाला. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरंटोहून लिस्बनकडे निघालेल्या एका एअरबस ए-३३० विमानातील इंधन गळतीमुळे वाटेतच संपले, दोन्ही इंजिने एकामागून एक थंडावली, आणि तरीही ३०६ माणसांना पोटात घेऊन ते अवजड यान सुमारे एकोणीस मिनिटे केवळ हवेच्या आधाराने उतरत उतरत, जवळजवळ १२० किलोमीटरांचे अंतर कापून, अझोर्स द्वीपसमूहातील लाजेस येथील धावपट्टीवर पोहोचले. एकाही प्रवाशाचा प्राण गेला नाही. इंजिन नसताना वैमानिकापाशी उंचीची शिल्लक असते. ती थोडथोडी खर्च करून तो वेग मिळवितो, आणि वेग आहे तोवर पंख आपले काम सोडत नाहीत.

तेव्हा प्रथम या हवेची ओळख नीट करून घेतली पाहिजे. आपण तिला पोकळीच मानतो. परंतु समुद्रसपाटीवरील एक घनमीटर हवेचे वजन सुमारे सव्वा किलो भरते, म्हणजे चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा साध्या खोलीत जी हवा कोंडलेली असते तिचे वजन एका प्रौढ माणसाच्या वजनाइतके, जवळजवळ साठ किलो, होते. या हवेचा अनेक किलोमीटर उंचीचा थर आपल्या डोक्यावर उभा असल्यामुळे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा दाब सदैव असतो. तो सर्व बाजूंनी सारखाच असल्यामुळे जाणवत नाही, इतकेच. पंखाच्या खालचा दाब आणि वरचा दाब यांत थोडी तफावत पाडता आली, तर या प्रचंड भांडवलाचा अल्पसा अंशही विमान तोलून धरण्यास पुरेल.

तो अंश किती अल्प असतो, हे आकड्यांनीच पाहावे. आपल्या देशांतर्गत मार्गांवर जे नित्य दिसते, त्या एअरबस ए-३२० विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ७८ टन आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर आहे. म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर ६४० किलोंच्या आसपास भार येतो. दहा टनांच्या दाबापुढे हा भार शेकडा सहांच्या आसपास ठरतो. वातावरणाच्या दाबात वर आणि खाली मिळून एवढाच फरक निर्माण केला की, दीडशेहून अधिक प्रवासी, त्यांचे सामानसुमान आणि कित्येक टन इंधन यांसह ते यान अधांतरी राहते.

हा फरक उत्पन्न होतो तो पंखाच्या आकाराने आणि त्याहूनही अधिक त्याच्या कोनाने. संक्रांतीला पतंग उडविणारा पोर पतंगाची कन्नी बांधताना वरची दोरी किंचित आखूड आणि खालची किंचित लांब ठेवतो, ते उगाच नव्हे. त्यामुळे पतंग वाऱ्याला आडवा न होता थोडा तिरपा राहतो, समोरून येणाऱ्या हवेला खालच्या दिशेस वळवितो, आणि त्या वळविण्याची परतफेड म्हणून स्वतः वर उचलला जातो. विमानाचा पंखही हवेच्या प्रवाहाशी काही अंशांचा कोन करून पुढे सरकतो. त्याच्या पाठीवरून जाणारी हवा त्या वक्र पृष्ठाला धरून वाहते व पंखाच्या मागच्या कडेपाशी खाली झुकून निघते; पोटाखालची हवाही खाली लोटली जाते. क्रियेइतकीच प्रतिक्रिया असते हा न्यूटनचा नियम येथे लागू होतो, आणि हवेला खाली लोटणारा पंख हवेकडून वर लोटला जातो. या ऊर्ध्वगामी बलाला उत्थापन म्हणतात.

हीच घटना दुसऱ्या अंगानेही सांगता येते. स्विस गणितज्ञ दानिएल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील सिद्धांताप्रमाणे प्रवाहाची गती जेथे वाढते तेथे त्याचा दाब घटतो. पंखाच्या पाठीवरून हवा वेगाने धावते, म्हणून तेथील दाब उतरतो आणि खालचा दाब वरचढ ठरतो. न्यूटन खरा की बर्नुली खरा, असा वाद पुष्कळ ठिकाणी रंगतो. परंतु एकाच व्यवहाराच्या या दोन वह्या असून दोन्हींतील बेरीज तंतोतंत जुळते. चुकीचे आहे ते निराळेच. पंखाच्या पुढच्या कडेपाशी फाटलेले हवेचे दोन भाग मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचले पाहिजेत, आणि वरचा रस्ता लांबचा असल्याने वरच्या भागाला धावावे लागते, असे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांतून आढळते. त्याला शास्त्राचा कसलाही आधार नाही. धूर सोडून प्रवाह डोळ्यांनी पाहिला असता वरचा भाग खालच्याच्या आधीच पैलतीर गाठतो असे दिसते. शिवाय कसरतीची विमाने पाठीवर उलटी होऊनही उडतात, त्याचा उलगडा या स्पष्टीकरणाने मुळीच होत नाही. कोन राखला की पंख उलटा असूनही भार पेलतो.

उत्थापनाचे प्रमाण चार गोष्टींवरून मुक्रर होते: पंखाचे क्षेत्रफळ, हवेची घनता, वेग आणि कोन. यांत वेगाचा अंमल सर्वांत मोठा, कारण वेग दुप्पट झाला की उत्थापन चौपट होते. म्हणूनच तेच विमान आकाशात ताशी आठशे किलोमीटरांनी सुखाने जात असताना धावपट्टीवर मात्र अडीचशेच्या पुढे गेल्यावाचून जमीन सोडू शकत नाही. घनतेचा परिणाम पाहावयाचा असेल तर लडाखची राजधानी लेह येथे पाहावा. तेथील धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५६ मीटर उंचीवर आहे, आणि तेथील हवा सपाटीच्या मानाने जेमतेम पाऊणपट दाट. दुपारच्या उन्हाने ती तापली की आणखी विरळ होते, पंखाला मिळणारा आधार घटतो, इंजिनांचाही जोर ओसरतो, आणि दऱ्यांतले वारे उठू लागतात. सबब तेथील प्रवासी विमानांची ये-जा मुख्यतः सकाळच्या थंड प्रहरी उरकून घेण्याचा प्रघात आहे.

कोनाची गोष्ट अधिक नाजूक आहे. तो वाढवीत नेला की उत्थापन वाढत जाते, परंतु या वाढीला मर्यादा आहे. साधारणतः पंधरा अंशांच्या आसपास पंखाच्या पाठीला बिलगून वाहणारी हवा त्याला धरून राहू शकत नाही, ती सुटून भोवऱ्यांत विस्कटते, आणि उत्थापन एकाएकी ढासळते. वैमानिक या अवस्थेला स्टॉल म्हणतात. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही ती ओढवू शकते, आणि इंजिन बंद असतानाही टाळता येते. तिच्यावर उपाय एकच, विमानाचे नाक खाली करून कोन पुन्हा मर्यादेत आणणे. जमीन जवळ येत असताना नाक खाली करणे हे उपजत भीतीच्या अगदी विरुद्ध असल्यामुळे वैमानिकाच्या शिक्षणात हा पाठ त्याच्याकडून पुनःपुन्हा गिरवून घेतला जातो.

हे सर्व ज्ञान माणसाने कसे मिळविले, त्याचा इतिहास उद्बोधक आहे. पक्ष्याचा पंख उचलण्याचे आणि पुढे ढकलण्याचे अशी दोन्ही कामे एकदम करतो, म्हणून शतकानुशतके माणसेही फडफडणारे पंखच बांधीत राहिली. यॉर्कशायरमधील सर जॉर्ज केली या गृहस्थाने ही दोन कामे प्रथम अलग केली. १७९९ साली त्याने एका रुपेरी चकतीच्या एका बाजूस पंखावरील बलांची आकृती आणि दुसऱ्या बाजूस स्थिर पंखांच्या यानाचे चित्र कोरून ठेवले, आणि उत्थापन पंखाने करावे, रेटा दुसऱ्या साधनाने द्यावा, ही आजच्या प्रत्येक विमानाची मूळ कल्पना जगाला दिली. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने १८९१ पासून स्वतः बांधलेल्या पंखांनी टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. तो तोल सांभाळीत असे तो केवळ आपले शरीर इकडेतिकडे झुकवून. ऑगस्ट १८९६ मध्ये त्याचे यान हवेत स्टॉल होऊन कोसळले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला.

त्याच्या मृत्यूच्या वार्तेने अमेरिकेतील डेटन गावच्या दोन सायकलवाल्या बंधूंचे मन या प्रश्नाकडे ओढले. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांनी प्रारंभ केला तो इंजिनाने नव्हे, तर १८९९ साली एका पतंगाने, आणि त्यात त्यांनी पाहिले ते एवढेच की, पंखांची टोके दोऱ्यांनी किंचित पिळली असता यानाला हव्या त्या कुशीवर कलविता येते की नाही. १९०१ चे त्यांचे मोठे यान मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी भार उचलू लागले. प्रचलित कोष्टकांवरच संशय येऊन त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात एक लाकडी पेटी बांधली; लांबी सहा फूट, आतली रुंदी व उंची सोळा-सोळा इंच, आणि एका टोकाला दुकानातल्या इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा. पेटीत त्यांनी करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या चाकाच्या तारा जोडून केलेला एक तराजू बसविला, पत्र्यातून कापलेले बोटभर लांबीचे पंख त्यावर टांगले, आणि एकेका पंखाचा कोन बदलून पेटीच्या झाकणातील काचेतून काटा किती हलतो ते टिपून घेतले. असे सुमारे दोनशे नमुने त्यांनी तपासले. तेव्हा ध्यानात आले की, हवेच्या दाबाचा जो गुणांक दीडशे वर्षे प्रमाण मानला जात होता, तोच अवाच्या सवा होता.

पुढचे वर्ष त्यांनी या नव्या आकड्यांबरहुकूम बांधलेल्या यानातून, इंजिनाशिवायच, शेकडो वेळा उड्डाण करून तोल सांभाळण्याची विद्या हस्तगत करण्यात घालविले, आणि मगच इंजिन बसविले. १९०३ च्या डिसेंबर महिन्यात घडलेल्या दोन घटना या संदर्भात शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. सॅम्युएल लँग्ली या नामांकित शास्त्रज्ञाचे, सरकारी द्रव्यसाहाय्याने बांधलेले आणि ५२ अश्वशक्तीचे उत्कृष्ट इंजिन लाभलेले यान ८ तारखेला पोटोमॅक नदीत कोसळले. त्याच्या चालकाला त्यापूर्वी हवेत तोल सांभाळण्याचा सराव असा नव्हताच. त्यानंतर नवव्या दिवशी, १७ तारखेला, किटी हॉकजवळच्या वाळवंटी किनाऱ्यावर राइट बंधूंच्या सुमारे १२ अश्वशक्तीच्या यानाने बारा सेकंदांत १२० फूट अंतर कापले, आणि त्याच दिवशीच्या चौथ्या खेपेस ५९ सेकंदांत ८५२ फूट. समोरून ताशी वीस मैलांहून अधिक वेगाचा वारा होता, आणि तो त्यांना अडथळा न ठरता उपकारकच ठरला. कारण पंखाला जमिनीवरील वेगाशी कर्तव्य नसते, अंगावरून वाहणाऱ्या हवेच्या वेगाशी असते.

खिडकीशी बसण्याचा योग आला तर आजही ही सारी विद्या डोळ्यांसमोर उलगडते. उतरण्याची वेळ येताच पंखाच्या मागच्या कडेतून मोठमोठे फ्लॅप घरघरत बाहेर सरकतात व खाली झुकतात. पंखाचा बाक वाढतो, क्षेत्रफळही वाढते, आणि वेग कमी करूनही भार पेलता येतो. टोकाजवळच्या लहान झडपा वरखाली होऊन विमानाला कुशीवर कलवितात. राइट बंधूंच्या पिळलेल्या पंखांचे ते सुधारलेले रूप होय. चाके जमिनीला टेकताच पंखाच्या पाठीवरील फळ्या ताडकन उभ्या राहतात, प्रवाह मोडून उत्थापन नष्ट करतात, आणि इतका वेळ पंखांवर असलेला सारा भार चाकांवर येऊन ब्रेक लागू पडतात. वाटेत बसणाऱ्या हिसक्यांना लोक हवेतले खड्डे म्हणतात, परंतु तेथे हवा नसते असे नव्हे. ती वर किंवा खाली वाहत असते, त्यामुळे पंखाचा कोन क्षणभर बदलतो आणि त्याबरोबर उत्थापनही.

आपल्या शाळांतून विमानाचे चित्र काढावयास लावतात आणि संशोधकांची नावे पाठ करून घेतात, पण एक लाकडी पेटी, एक विजेचा पंखा, पत्र्याचे चार तुकडे आणि हाताने केलेला तराजू एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग कोणत्याही तालुक्याच्या शाळेत उभा करता येईल, याची तजवीज मात्र क्वचितच कोणी करतो. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने पंखाचा कोन एकेक अंशाने वाढवून काटा चढताना पाहिला, आणि एका ठरावीक अंशानंतर तोच काटा अचानक पडताना पाहिला, त्याला विमान कशाच्या आधाराने उडते हे पुन्हा कोणी सांगावे लागणार नाही. आणि प्रमाण मानलेला आकडाही मोजून पाहावा लागतो, ही राइट बंधूंची खरी शिकवण त्याच्या अंगी तेथेच मुरेल.