बिल्ल्याची कड वाचताना

अमेरिकेतल्या जुन्या निवडणुकीच्या बिल्ल्यांमध्ये ओळखायला सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात देखणे, बिल्ले राष्ट्राध्यक्षांचे नाहीत. ते आहेत महापौर, शेरीफ, शालेय मंडळ अशा गावपातळीवरच्या उमेदवारांचे. आपल्याकडे बिल्ल्यावर पक्षाचं चिन्ह ठसठशीत असतं. तिथे बऱ्याचदा नुसतं आडनाव आणि पद. गाव नाही, साल नाही. ज्या गल्ल्यांत ते वाटले, तिथे सगळ्यांना सगळं ठाऊकच होतं ना!

मग बिल्ला उलटा करायचा. नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, तो बिल्ला म्हणजे छापील कागद आणि त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा. दोन्ही पत्र्याच्या चकतीवर ताणून मागून कड्याने दाबून बसवायचे आणि पोकळीत तारेची टाचणी अडकवायची. त्याच वर्षी मॅकिन्ली आणि ब्रायन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत असे बिल्ले देशभर पसरले. कंपनी त्या पोकळीत आपलं नाव आणि पेटंटच्या तारखा छापलेला कागद चिकटवत असे. तो शाबूत असला, तर निनावी वाटणाऱ्या बिल्ल्याचा काळ हाती लागू शकतो. पुढच्या काळातल्या कित्येक बिल्ल्यांच्या कडेवर छपाई कामगार संघटनेचा शिक्का सापडतो, भिंग लावल्याशिवाय न दिसणारा. त्यात कधी छापखान्याचा क्रमांक असतो, कधी चक्क शहराचं नाव! दर्शनी बाजू उमेदवाराची, कड मात्र कामगारांची. मला ही कडच जास्त आवडते.

कधी उत्तर समोरच असतं. सॅन फ्रान्सिस्कोत हार्वी मिल्क १९७३ आणि १९७५ मध्ये नगरमंडळाची निवडणूक हरले. तेव्हा प्रत्येक सदस्याला अख्खं शहर मत देई. १९७७ मध्ये वॉर्डवार मतदान झालं आणि ते पाचव्या वॉर्डातून निवडून आले. त्यामुळे त्यांच्या नगरमंडळाच्या बिल्ल्यावर वॉर्डाचा ५ हा आकडा दिसला, की तो १९७७चा. मतदानाची रीत बदलल्याची नोंद एका आकड्यात!

आणि शिकागोचा १९८३चा निळा बिल्ला, त्यावर उगवत्या सूर्यासारखे किरण. हॅरॉल्ड वॉशिंग्टन त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, आणि त्यांचा बिल्ला लोकांनी अभिमानाने छातीवर मिरवला.

असा बिल्ला मिळाला तर धुऊ नका. कडेतून पाणी आत शिरलं, की पत्रा गंजतो आणि कागदावर तपकिरी डाग पडतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा. आणि तो कोणत्या गावात, कोणाच्या घरातून मिळाला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.