बैलाला बाशिंग, सशाला डगला

पोळ्याच्या दिवशी आम्ही वऱ्हाडी माणसे बैलाला बाशिंग बांधतो, झूल घालतो आणि नवरदेवासारखा मिरवतो. जनावराला माणसाचा साज चढविण्याची ही कल्पना कोणत्याही पुस्तकाने आम्हांस शिकविलेली नाही. त्यामुळे अंगरखा घातलेल्या प्राण्यांची पुस्तके हाती पडताच शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांत राबणाऱ्यांची मुले पेन्सिल, नाहीतर कोळसा शोधू लागतात, याचे नवल नाही. (आमच्या पिढीची पाटी १९५२ साली मराठीत आलेल्या ‘चांदोबा’ने भरली.) अडचण पुढे येते. मूल चित्र हुबेहूब उतरविते. पुस्तक मिटले की हात अडतो.

बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईंचा निळ्या डगल्याचा ससा जगाला ठाऊक आहे. १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रात तो प्रथम अवतरला. प्रकाशकांनी नाकारल्यावर बाईंनी १९०१ मध्ये पदरच्या पैशाने २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये पुस्तक रीतसर बाजारात आले. पण डगल्याच्या आतला ससा खरा आहे. बाईंनी ससे पाळले होते आणि वर्षानुवर्षे त्यांच्याकडे पाहून चित्रे काढली होती.

पाहावयाचे ते काय? बैलाच्या मागच्या पायाचा उलटा दिसणारा गुडघा हा गुडघा नव्हेच. ती त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून. खूर म्हणजे नखे. एवढे कळले की बैलाला दोन पायांवर उभा करता येतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. थोडे पुढे आणले की भाव माणसाचा होतो, फार आणले की बैलच हरवतो.

राहिला पोशाख. पंचतंत्रातला संजीवक बैल व्यापाऱ्याची गाडी ओढताना पाय मोडून पडला. राखणीला ठेवलेली माणसेही त्याला रानात टाकून गेली. पुढे पिंगलक सिंहाशी मैत्री, दमनक कोल्ह्याची चहाडी आणि सिंहाच्याच पंजाखाली मरण. सिंहाला मुकुट नि कोल्ह्याला पागोटे कोणीही घालील. संजीवकाला काय घालावे? मजुरांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हा प्रश्न लहान वाटत नाही. संत्री तोडणाऱ्या एका बाईच्या मुलीने त्याला काहीच घातले नाही. मानेवर जुवाचा घट्टा तेवढा काढला. तो काढण्यापूर्वी ती शेजारच्या गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवर हात फिरवून आली होती.